पुरातत्त्वीय वारशाचे संरक्षण : कायदा, नोंद आणि शेजार

प्राचीन वास्तू आणि पुरातत्त्वीय स्थळे यांच्या संरक्षणासाठी भारतात गेल्या दोनशे वर्षांत अनेक कायदे झाले. संरक्षित स्मारकास हानी पोहोचवणे हा आज दंडनीय गुन्हा आहे. त्याच्या सभोवताली शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापलीकडील दोनशे मीटरमध्ये पूर्वपरवानगीविना काही उभारता येत नाही. जगातील मोजक्याच देशांत इतके कठोर नियम असतील. असे असूनही राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली काही स्मारके देशातून नाहीशी झाली आहेत. काही शहरांच्या वाढीत गाडली गेली, काही धरणांच्या पाण्याखाली गेली आणि काही नेमकी कोठे होती, हेच सांगता येत नाही.

ही स्थिती कायद्याच्या अभावामुळे निर्माण झालेली नाही. स्मारकाची अचूक नोंद, त्याची जमिनीवर आखलेली हद्द आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा सहभाग या तीन गोष्टी जेथे आहेत, तेथे कायदा परिणामकारक ठरतो. जेथे त्या नाहीत, तेथे कायदा कागदावर राहतो. भारतातील संरक्षणविषयक कायद्यांची वाटचाल आणि प्रत्यक्ष व्यवहार यांचा एकत्रित विचार केल्यास हे स्पष्ट होते.

कायद्याची वाटचाल

सार्वजनिक वास्तूंच्या जपणुकीसंबंधी ब्रिटिश अमलातील पहिली तरतूद १८१० च्या बंगाल विनियमात आढळते. त्यानंतर १८१७ मध्ये मद्रास इलाख्यासाठी तशाच स्वरूपाचा विनियम झाला. सरकारी मालकीच्या इमारतींचा दुरुपयोग होऊ नये, एवढाच या विनियमांचा मर्यादित हेतू होता. खाजगी मालकीच्या वास्तू त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यास आरंभ झाला. तथापि प्रारंभीच्या काळात सर्वेक्षणाचा भर स्थळांचा शोध घेणे आणि त्यांचे वर्णन करणे यांवर होता. जतनाची जबाबदारी स्पष्टपणे कोणाकडेही नव्हती. जमिनीत सापडणाऱ्या मौल्यवान वस्तूंविषयी १८७८ मध्ये निखात निधी अधिनियम संमत झाला.

खऱ्या अर्थाने संरक्षणाचा पाया १९०४ च्या प्राचीन स्मारक परिरक्षण अधिनियमाने घातला. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने खाजगी मालकीच्या स्मारकांबाबतही शासनाला हस्तक्षेपाचा अधिकार दिला. मालकाशी करार करणे, स्मारक विकत अथवा भाडेपट्ट्याने घेणे, त्याचे पालकत्व स्वीकारणे असे अनेक मार्ग त्यात होते. १९०२ मध्ये सर्वेक्षणाचे महासंचालक झालेले जॉन मार्शल यांनी या कायद्याच्या आधारे संरक्षित स्मारकांच्या याद्या तयार करण्याचे काम हाती घेतले. दुरुस्तीचे काम कसे करावे, याविषयी त्यांनी लिहिलेली संवर्धन पुस्तिका १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या वास्तूला नवे रूप देण्याऐवजी तिचे मूळ बांधकाम शक्य तितके राखावे, हे त्या पुस्तिकेतील मुख्य सूत्र होते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्या प्रदेशातील स्मारकांचा प्रश्न पुढे आला. १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्यांपैकी अनेक स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करण्यात आली. त्यानंतर या सर्व तरतुदी एकत्र करणारा ‘प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८’ हा कायदा अस्तित्वात आला. आजची व्यवस्था मुख्यतः याच कायद्यावर उभी आहे.

राज्यघटनेतील विभागणी

वारसा जतनाचा उल्लेख राज्यघटनेत दोन ठिकाणी येतो. अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके, स्थळे आणि वस्तू यांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. १९७६ मधील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१(क) मध्ये, आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. संरक्षण ही केवळ शासनाची बाब नाही, हे घटनेलाच अभिप्रेत आहे.

अधिकारांची विभागणी सातव्या अनुसूचीत आहे. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित केलेली स्मारके संघ सूचीत, इतर प्राचीन स्मारके राज्य सूचीत आणि राष्ट्रीय महत्त्वाची घोषित न झालेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत येतात. त्यानुसार केंद्राची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राज्यांची स्मारके त्या त्या राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असतात. महाराष्ट्राने यासाठी १९६० मध्ये, तर गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाने १९७८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. या दोन याद्यांच्या बाहेर राहिलेल्या असंख्य देवळांना, बारवांना, समाध्यांना, वाड्यांना आणि पांढरीच्या टेकाडांना मात्र यांपैकी कोणत्याही अधिनियमाचे थेट संरक्षण मिळत नाही.

१९५८ च्या अधिनियमाचे स्वरूप

या अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची वास्तू प्राचीन स्मारक ठरू शकते. एखादे स्मारक संरक्षित करावयाचे झाल्यास केंद्र शासन प्रथम आपला इरादा अधिसूचनेद्वारे जाहीर करते. ही सूचना स्मारकापाशी ठळकपणे लावावी लागते. संबंधितांना आक्षेप नोंदवण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते आणि आक्षेपांचा विचार केल्यानंतरच अंतिम घोषणा होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. स्मारक संरक्षित झाले म्हणजे त्याची मालकी आपोआप शासनाकडे जात नाही. मालकी पूर्वीच्याच व्यक्तीकडे किंवा देवस्थानाकडे राहू शकते आणि शासन त्यांच्याशी करार करू शकते. स्मारक नष्ट होण्याचा धोका असल्यास ते संपादन करण्याची तरतूदही आहे. जे स्मारक पूजास्थान आहे, त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत हेतूसाठी करता येत नाही आणि त्याचे पावित्र्य राखण्याची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे. उत्खननासाठी परवाना आवश्यक असतो. राज्य शासनालाही संरक्षित क्षेत्राबाहेर उत्खनन करावयाचे असल्यास केंद्राची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

मूळ कायद्यात स्मारकाची हानी करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी वाढवण्यात आली.

जंगम वस्तूंसाठी १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम आहे. तो १९७६ मध्ये अमलात आला. सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित त्याच्या कक्षेत येते. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि शासनाने अधिसूचित केलेल्या प्रकारच्या वस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे. चोरीस गेलेली मूर्ती परदेशात सापडल्यास ती आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी जुनी छायाचित्रे आणि नोंदी लागतात. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराज मूर्ती लंडनमधील न्यायालयीन लढ्यानंतर १९९१ मध्ये परत आली. श्रीपुरंदान येथील नटराज मूर्ती ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये परत केली. ज्या गावातील मूर्तीचे छायाचित्रच कधी घेतले गेले नाही, त्या गावाला असा दावा करणे जवळजवळ अशक्य असते.

शंभर मीटरचा प्रश्न

१९५८ च्या कायद्याचा भर स्मारकाच्या आवारावर होता. आवाराबाहेर मात्र शहरे झपाट्याने वाढत होती. त्यामुळे १६ जून १९९२ रोजी अधिसूचना काढून संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटरचे क्षेत्र विनियमित म्हणून घोषित करण्यात आले. काही काळाने अपवादात्मक प्रकरणांत प्रतिबंधित क्षेत्रातही परवानगी देण्यासाठी एक सल्लागार समिती नेमली गेली. अशा परवानग्यांना कायद्याचा आधार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. या निर्णयामुळे आधी दिलेल्या परवानग्या आणि सुरू असलेली बांधकामे यांविषयी मोठा पेच उभा राहिला. त्यातून २०१० चा दुरुस्ती अधिनियम आला.

या दुरुस्तीने शंभर आणि दोनशे मीटरची मर्यादा अधिसूचनेऐवजी थेट अधिनियमात आली. सार्वजनिक प्रकल्पांसह कोणत्याही नव्या बांधकामास प्रतिबंधित क्षेत्रात परवानगी देऊ नये, असे ठरवण्यात आले. परवानगीच्या प्रस्तावांची छाननी करण्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. प्रत्येक स्मारकाचे महत्त्व आणि परिसर लक्षात घेऊन त्यासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करावेत, अशीही तरतूद करण्यात आली. इमारतींची उंची, दर्शनी भागाचे स्वरूप, गटारे, रस्ते आणि सेवावाहिन्या यांचा विचार त्यात अपेक्षित आहे.

प्रतिबंधित क्षेत्रात पूर्वीपासून राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असलेल्या अथवा नंतर महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. गटारांची साफसफाई, पाणीपुरवठा, वीज यांसारख्या सार्वजनिक सोयींची देखभाल बांधकामाच्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजेच कायद्याने रहिवाशाला त्याच्या घरातून बाहेर काढलेले नाही. तथापि वाढत्या कुटुंबाला रिकाम्या जागेवर खोली बांधता येत नाही, शेतमालकाला आपल्या जमिनीवर गोठा उभारता येत नाही आणि जमिनीचे मोल घसरते. हद्द नेमकी कोठून मोजावयाची, हे गावात कोणाला ठाऊक नसेल, तर नकळत नियमभंग होतो आणि नोटीस हाती आल्यावरच स्मारकाची ओळख होते. अशा गावात स्मारकाविषयी आस्था निर्माण होणे कठीण असते.

दुसरा आक्षेप नियमाच्या सरसकटपणाविषयी आहे. आग्र्याचा ताजमहाल आणि महामार्गालगतचा एकाकी मनोरा या दोहोंसाठी अंतर सारखेच आहे. ताजमहालासाठी शंभर मीटर अपुरे पडतात. तेथील हवेच्या प्रदूषणाविषयी १९८४ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर ३० डिसेंबर १९९६ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाला सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या ताज परिक्षेत्रातील उद्योगांचा विचार करावा लागला. उलटपक्षी, लहान स्मारकाभोवतीच्या दाट वस्तीत तेच शंभर मीटर शेकडो घरांना बांधून ठेवतात. केंद्राच्या निधीतून होणाऱ्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात सूट देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये संमत केले होते. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. अशी सूट देण्यापेक्षा प्रत्येक स्मारकाच्या गरजेनुसार नियम ठरवणे, हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. वारसा उपविधींची तरतूद त्यासाठीच आहे. ते त्वरेने पूर्ण होणे हे स्मारकाच्या आणि रहिवाशाच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

नाहीशी झालेली स्मारके

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालाने या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव उघड केली. लेखापरीक्षणात १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी झाली. त्यांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत. संरक्षित स्मारकांची नेमकी संख्या सांगणारी विश्वसनीय माहितीही सर्वेक्षणाकडे नसल्याचे त्या अहवालात नमूद होते. त्यानंतर सर्वेक्षणाने जुन्या नोंदी, महसुली नकाशे आणि क्षेत्रीय पाहणी यांच्या आधारे शोध घेतला आणि ४२ स्मारकांचा ठाव लागला. उरलेल्या ५० पैकी १४ शहरीकरणात नष्ट झाली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा शोध लागू शकला नाही, अशी माहिती २०२२ च्या अखेरीस संसदीय स्थायी समितीच्या अहवालातून पुढे आली. मनुष्यबळाची स्थितीही त्याच अहवालात दिसते. सुमारे सात हजार सुरक्षारक्षकांची गरज असताना २४८ ठिकाणी मिळून २,५७८ रक्षकच उपलब्ध होते.

मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्यासाठी अधिसूचना काढण्यात आली. एखादे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे राहिले नाही, असे जाहीर करण्याची तरतूद १९५८ च्या अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये आहे. या यादीत हरियाणातील मुजेसर येथील तेरा क्रमांकाचा कोस मिनार, वाराणसीतील तेलिया नाला येथील बौद्ध अवशेष, दिल्लीतील बाराखंबा येथील कब्रस्तान आणि झाशी जिल्ह्यातील एका ब्रिटिश तोफखाना सैनिकाची कबर यांचा समावेश होता. कोस मिनार म्हणजे मोगल काळातील राजमार्गावर कोसाकोसावर उभारलेले अंतरदर्शक मनोरे. काफिल्यांना वाट दाखवणारा आणि चारी बाजूंनी दिसणारा मनोरा नाहीसा होतो, याचा अर्थ त्याच्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्षच नव्हते.

यादीच्या रचनेविषयीही विचार होणे आवश्यक आहे. देशात केंद्रीय संरक्षित स्मारके सुमारे ३,७०० आहेत. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्यांपैकी २,५८४ स्मारके ब्रिटिशकालीन यादीतून सरसकट आलेली आहेत. ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक यांच्या ७५ कबरीही त्यात आहेत. याच अहवालानुसार उत्तर प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या पाच राज्यांत मिळून २,२३८ स्मारके, म्हणजे एकूण संख्येच्या साठ टक्क्यांहून अधिक, आहेत. महाराष्ट्रातील संख्या २८६ होती. यादीचा फेरविचार योग्यच आहे. परंतु महत्त्व उरले नाही म्हणून वगळणे आणि सापडत नाही म्हणून वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला निर्णय अभ्यासाचा आहे, तर दुसरा हानीची कबुली आहे.

धरणांच्या पाण्यातून वाचलेला वारसा

विकासाच्या कामांत वारसा बुडालाच पाहिजे, असे नाही. आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंडा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. कृष्णेच्या खोऱ्यातील या ठिकाणी इक्ष्वाकू राजांची राजधानी आणि बौद्ध विहारांचा मोठा समूह होता. नागार्जुनसागर धरणामुळे हे संपूर्ण खोरे पाण्याखाली जाणार, हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन करण्यात आले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष नोंदवले गेले. निवडक वास्तू काळजीपूर्वक उकलून टेकडीवर आणि काठावरील अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आल्या. ती टेकडी आता जलाशयातील बेट झाली असून तेथील संग्रहालय या दरीची स्मृती सांगते.

पुढे श्रीशैलम प्रकल्पाच्या वेळी हाच अनुभव उपयोगी पडला. कूडवेल्ली येथील संगमेश्वर मंदिराचे दगड क्रमांक घालून उतरवण्यात आले आणि ते आलमपूर येथे पुन्हा बांधण्यात आले. या दोन्ही ठिकाणी निर्णय पाणी चढण्यापूर्वी झाला आणि प्रत्येक दगडाची नोंद झाली. जलाशयांत बुडालेल्या बारा संरक्षित स्मारकांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. धरण, महामार्ग किंवा लोहमार्ग यांचा आराखडा तयार होतानाच पुरातत्त्वीय पाहणी पूर्ण झाल्यास प्रकल्पही रखडत नाही आणि वारसाही वाचतो.

हंपीचा धडा

स्मारक एकटे नसते. त्याच्याभोवती नदी, डोंगर, शेती, वस्ती आणि चालीरीती असतात. कर्नाटकातील हंपी येथे ही गोष्ट प्रकर्षाने जाणवली. विजयनगर साम्राज्याच्या या राजधानीचा समावेश १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. तुंगभद्रेवर आनेगुंदी आणि विरुपापूर गड्डी येथे सुरू झालेल्या पुलांमुळे १९९९ मध्ये हे स्थळ धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीत गेले. पुलांची गरज खरी होती. पलीकडच्या गावांना दवाखाना, शाळा आणि बाजार गाठण्यासाठी नदी ओलांडावी लागत होती. वाद होता तो पुलांच्या जागेचा आणि स्वरूपाचा.

यातून कर्नाटक शासनाने २००२ मध्ये हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा कायदा केला. अनेक गावांचे एकत्रित नियोजन करणारी यंत्रणा उभी राहिली आणि २००६ मध्ये हंपी धोक्याच्या यादीतून बाहेर आले. मात्र आनेगुंदीचा अर्धवट पूल जानेवारी २००९ मध्ये बांधकाम सुरू असताना कोसळला आणि कामगारांना प्राण गमवावे लागले. जुलै २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरील बाजारपेठेच्या प्राचीन मंडपांत राहणाऱ्या व व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना हटवण्यात आले. मंडप मोकळे झाले, परंतु यात्रेकरूंची सोय पाहणारी जिवंत बाजारपेठ संपली. मंडपांचे जतन आणि त्या कुटुंबांचे पुनर्वसन या दोन्हींचा विचार आधीपासून एकत्र झाला असता, तर संघर्ष टळू शकला असता.

दुरुस्तीचे शास्त्र

कायद्याने वाचवलेली वास्तू चुकीच्या दुरुस्तीनेही नष्ट होऊ शकते. अजिंठ्याच्या चित्रांचे उदाहरण बोलके आहे. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी चित्रांचे निघू लागलेले पोपडे पक्के केले आणि त्यांवर लाखेच्या वार्निशाचा थर दिला. तो थर कालांतराने पिवळसर व काळपट झाला आणि मूळ रंग झाकले गेले. हा थर सावधपणे काढण्याचे काम पुढील पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना करावे लागले. जो उपाय नंतर सहज मागे घेता येत नाही, तो शक्यतो योजू नये, हे तत्त्व अशा अनुभवांतून दृढ झाले.

सिमेंटचा वापर ही अशीच नेहमीची चूक आहे. जुन्या दगडी आणि विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ आणि सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने भरले की ही वाट बंद होते, ओल दगडातून बाहेर येऊ लागते, तिच्यासोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागावर साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली मंदिरांना दिला जाणारा तैलरंग आणि गाभाऱ्यात बसवल्या जाणाऱ्या चकचकीत फरशा यांचा परिणामही याच प्रकारचा असतो. भक्तिभावाने केलेले काम वास्तूचे आयुष्य कमी करते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणात कमीत कमी हस्तक्षेप, सविस्तर दस्तऐवजीकरण आणि नियमित देखभाल यांवर भर आहे. पाथरवट, गवंडी, सुतार अशा पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानालाही त्यात स्थान दिले आहे. आजही छपरावर उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच काढणे, पन्हाळी मोकळ्या ठेवणे आणि पायाजवळ पाणी साचू न देणे, ही साधी कामे मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा अधिक मोलाची ठरतात.

महाराष्ट्रातील अनुभव

यादीबाहेरील वारशासाठी नगरनियोजनाचा मार्ग उपलब्ध आहे. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. शहरातील इमारती आणि परिसर यांची श्रेणींत विभागणी करून कोणत्या श्रेणीत किती बदल करता येतील, हे त्यात ठरवले. देशातील अशा प्रकारची ही पहिली नियमावली होती. राहत्या आणि वापरातल्या इमारतींना ती लागू पडते, हे तिचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतील अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत आहे. या बारांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे आठ किल्ले केंद्राच्या, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या संरक्षणात आहेत. पन्हाळ्यावर नांदते गाव आहे, सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत मंदिर आणि काही घरे आहेत, प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला भाविक येतात. या किल्ल्यांचे महत्त्व केवळ तटबंदीत नसून डोंगर, जंगल, घाटवाटा आणि समुद्र यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्यात आहे. दोन स्वतंत्र यंत्रणा, वन विभाग, ग्रामपंचायती, दुर्गप्रेमी संस्था आणि वाढते पर्यटक यांचा मेळ घालणे, हे पुढील काळातील मोठे आव्हान राहील. उत्साहाच्या भरात तज्ज्ञांना न विचारता केलेले बांधकाम येथे कटाक्षाने टाळावे लागेल.

पुढील दिशा

संरक्षणाची व्यवस्था बळकट करण्यासाठी काही उपाय तातडीने हाती घेता येतील. प्रत्येक संरक्षित स्मारकाचे अक्षांश-रेखांश, मोजणी नकाशा आणि दिनांकित छायाचित्रे यांची सार्वजनिक नोंद असावी व ती ठरावीक काळाने जागेवर जाऊन पडताळली जावी. संरक्षित, प्रतिबंधित आणि विनियमित क्षेत्राच्या सीमा महसुली अभिलेखांत नोंदवल्या गेल्यास जमीन खरेदी करणाऱ्यास सातबारा उताऱ्यावरूनच त्यांची माहिती मिळेल. जमिनीवर हद्दीचे दगड आणि स्थानिक भाषेतील फलक असावेत. वारसा उपविधी तयार करताना ग्रामसभा आणि प्रभागातील नागरिकांचे म्हणणे ऐकले जावे. दुरुस्तीच्या अर्जावर मुदतीत निर्णय व्हावा. घराचे गळके छप्पर बदलण्याची परवानगी पावसाळ्यापूर्वी न मिळाल्यास रहिवासी नियम मोडण्यास प्रवृत्त होतो आणि मग सर्वच नियमांविषयीचा आदर संपतो.

तिन्ही याद्यांच्या बाहेरील गावपातळीवरील वारशासाठी स्थानिक नोंदवह्या उपयुक्त ठरतील. गावातील वीरगळ, शिलालेख, बारव, गढी यांची छायाचित्रांसह नोंद शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या सहकार्याने अल्प खर्चात होऊ शकते. शेतात नांगरताना नाणी, मूर्ती किंवा जुन्या भांड्यांचे तुकडे सापडल्यास ती माहिती तहसील कार्यालयाला अथवा पुरातत्त्व विभागाला कळवावी, एवढी जाणीव निर्माण झाली तरी पुष्कळ काही वाचेल.

मोठ्या स्मारकांना रक्षक, कुंपण आणि निधी मिळतो. वाटेवरच्या लहान स्मारकांना शेजाऱ्यांखेरीज दुसरा रक्षक नसतो. भिंतीला तडा गेला, दगड हलवले गेले किंवा रात्रीतून खड्डा खणला गेला, तर ते सर्वप्रथम त्यांनाच दिसते. त्या शेजाऱ्याला कायदा केवळ नोटिशीच्या रूपाने भेटत राहिला, तर याद्यांतून नावे गळत राहतील. स्मारकाची माहिती, दुरुस्तीची वेळेवर परवानगी आणि पर्यटनातून मिळणारा रोजगार यांद्वारे त्याला या कामात सामावून घेतले, तर अनुच्छेद ५१(क) मधील कर्तव्य प्रत्यक्षात उतरेल. गेलेली वास्तू कोणत्याही दंडाने परत उभी राहत नाही. म्हणून संरक्षणाचे काम ती उभी असतानाच आणि तिच्या भोवतीच्या माणसांसह करावे लागते.